शेजाऱ्यानें दिलेलें नांव

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास आम्हीं सांगावा, अशी समितीची इच्छा होती. परंतु तें काम आमच्याहून जाणत्या मंडळींनीं केलेलें आहे, व तो इतिहास या स्मरणिकेंत आपणांस वाचावयास मिळेलच. आज आम्ही आपणांपुढें एका शब्दाची कथा ठेवणार आहों. तो शब्द म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका केल्टिक जमातीचें नांव होय. हिंदमाता चौकाच्या आसपास राहणाऱ्या आपणांस त्या जमातीशीं काय कर्तव्य, असें कोणी मनांत म्हणेल. त्यानें थोडा धीर धरावा, एवढीच आमची विनंती आहे. या विषयाकडे आम्ही हौसेनें वळलों नाहीं. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीनें आम्हांस तिकडे वळविलें, आणि ती चूक आधीं सांगून टाकणें हेंच सरळ होय.

गेल्या पावसाळ्यांत स्मरणिकेसाठीं कुटुंबांची यादी करावयास आम्ही बसलों. काम सोपें व्हावें म्हणून कागदावर दोन रकाने आंखले. एकाच्या डोक्यावर ‘मूळचीं कुटुंबें’ असें लिहिलें, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘बाहेरून आलेलीं कुटुंबें’. हात आमचा, अक्षर आमचें. दोष दुसऱ्या कोणाचा नाहीं. नांवें तपासून घ्यावींत म्हणून ती यादी देवळाच्या दाराशीं लावली. पुढच्या रविवारीं मिस्सा झाल्यावर एक वृद्ध बाई आमच्यापाशीं आल्या. त्यांचे सासरे अहमदनगर जिल्ह्यांतून (ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात) परळच्या गिरणींत कामास आले. त्यांचे यजमानहि गिरणींतच होते, व १९८२च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहींत. बाई स्वतः या देवळांतील वेदीचीं वस्त्रें पन्नासांहून अधिक वर्षें धूत आल्या आहेत. त्यांनीं दुसऱ्या रकान्यांतील आपल्या नांवावर बोट ठेवलें आणि विचारलें, “फादर, किती वर्सं ऱ्हायल्यावर माणूस मूळचा व्हतो?”

त्यांच्या आवाजांत राग नव्हता. राग असता तर आम्ही कांहीं तरी समजूत घातली असती. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्या रात्रीं आम्ही सेमिनरींतलीं जुनीं पुस्तकें काढून बसलों, तेव्हां या शब्दाची आठवण झाली.

ज्यूलियस सीझर यानें गॉल देशांतील आपल्या युद्धांचा वृत्तांत लिहून ठेविला आहे. सेमिनरींत लॅटिन शिकणाऱ्याची त्याच्याशीं गांठ पडतेच. त्याच्या सहाव्या भागांत ‘वोल्काय टेक्टोसागेस’ नांवाच्या लोकांचा उल्लेख येतो. हे लोक ऱ्हाइन नदी ओलांडून हर्सिनियन नांवाच्या घोर अरण्याजवळच्या सुपीक भूमींत वसले, असें तो सांगतो. यांचेच भाऊबंद दक्षिण गॉलमध्यें, म्हणजे आजच्या फ्रान्समधील तुलूझ व नीम या शहरांच्या आसपास नांदत होते.

‘वोल्काय’ या नांवाचा मूळ अर्थ काय, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. वेल्श भाषेंत ससाण्यास ‘ग्वाल्ख’ म्हणतात. त्यावरून ‘वोल्क’ म्हणजे ससाणा, असें कित्येकांचें मत आहे. या मतास एक चांगला आधार आहे. सीझरनेंच ‘कातुवोल्कुस’ नांवाच्या एका राजाचा उल्लेख केला आहे. ‘कातु’ म्हणजे युद्ध. तेव्हां त्या राजाच्या नांवाचा अर्थ ‘रणांतला ससाणा’ असा लागतो. एखाद्या शूर जमातीनें स्वतःस असें नांव घ्यावें, यांत नवल तें काय? ‘टेक्टोसागेस’ या नांवाच्या उत्तरार्धांत ‘शोधणें’ या अर्थाचा धातु आहे. म्हणजे हे लोक ससाणे होते, आणि शोध घेणारेहि होते.

आतां या लोकांच्या शेजारीं जर्मानिक भाषा बोलणाऱ्या टोळ्या राहत होत्या. त्यांनीं हें नांव उचललें. त्या भाषेंत पुढें ध्वनींचें एक मोठें स्थित्यंतर झालें: मूळच्या ‘क’चा ‘ह’ झाला. लॅटिनमध्यें शिंगास ‘कोर्नू’ म्हणतात, तर इंग्रजींत ‘हॉर्न’. लॅटिनमध्यें शंभरास ‘केंटुम’ म्हणतात, तर इंग्रजींत ‘हंड्रेड’. त्याच नियमानें ‘वोल्क’चें ‘वाल्ह’ झालें. यावरून असें अनुमान निघतें कीं, हें स्थित्यंतर होण्यापूर्वीं, म्हणजे ख्रिस्तजन्माच्याहि आधीं, हा शब्द शेजाऱ्यांच्या तोंडीं गेला होता.

शब्द शेजाऱ्याच्या तोंडीं गेला म्हणजे त्याचा अर्थ मालकाच्या हातीं राहत नाहीं. प्रथम ‘वाल्ह’ म्हणजे शेजारची ती एक जमात. मग सर्वच केल्टिक लोक. पुढें रोमन साम्राज्य पसरलें, केल्टिक लोकांनीं लॅटिन भाषा उचलली, तेव्हां लॅटिन बोलणारे सगळेच ‘वाल्ह’ झाले. शेवटीं अर्थ उरला एवढाच: आपली भाषा न बोलणारा, परका. वोल्काय लोक काळाच्या उदरांत गडप झाले. त्यांचें नांव तेवढें जगलें, परंतु त्यांतला ससाणा केव्हांच उडून गेला होता.

या एका शब्दाचा वंशविस्तार पाहून मन थक्क होतें. इंग्लंडच्या शेजारच्या ‘वेल्स’चें नांव त्यापासूनच झालें, आणि ‘कॉर्नवॉल’ या नांवाचा शेवटहि तोच. बेल्जममधील फ्रेंच भाषिक ‘वालून’ लोकांचें नांव तेंच. स्लाव लोकांनीं तो शब्द जर्मानिक लोकांकडून घेतला व रुमानियांतील ‘वलाकिया’ प्रांतास नांव मिळालें. पोलंडमध्यें आजहि इटली देशास ‘व्वोखी’ म्हणतात, आणि हंगेरींत इटालियन मनुष्यास ‘ओलास’. वॉल्श आणि वॉलेस हीं आडनांवें त्याच कुळांतलीं. इतकेंच काय, आपण नाताळांत केकमध्यें घालतों तो अक्रोड इंग्रजींत ‘वॉलनट’ झाला, कारण तें परक्यांच्या देशांतलें फळ. वेल्समधील मनुष्य, इटलींतील मनुष्य, रुमानियांतील मनुष्य, हे तिघे एकमेकांस कधीं भेटले नाहींत. परंतु तिघांच्याहि दारावर शेजाऱ्यानें एकच पाटी लावली.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. दोन शब्द कानास सारखे लागले म्हणजे ते सख्खे भाऊ असतातच असें नाहीं. फ्रान्सच्या जुन्या प्रदेशास लॅटिनमध्यें ‘गाल्लिया’ म्हणत, आणि फ्रेंच लोक त्यास ‘गोल’ म्हणतात. दुसरा शब्द पहिल्याचाच अपभ्रंश असावा, असें कोणासहि वाटेल. परंतु फ्रेंच ‘गोल’ हा बहुधा आपल्या ‘वाल्ह’पासूनच, फ्रँक लोकांच्या तोंडून आलेला आहे. लॅटिनमध्यें कोंबड्यास ‘गाल्लुस’ म्हणतात; त्या श्लेषावरून कोंबडा हें फ्रेंच राष्ट्राचें चिन्ह झालें, पण कोंबड्याचा त्या लोकांच्या नांवाशीं कांहींएक संबंध नाहीं. आपल्याकडचें उदाहरण द्यावयाचें तर ‘बॉम्बे’ म्हणजे पोर्तुगीज भाषेंतील ‘बॉम बाहिया’, चांगला उपसागर, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. मात्र पोर्तुगीज भाषेंत ‘बाहिया’ स्त्रीलिंगी आहे. तेथें ‘बॉम’ हें पुल्लिंगी विशेषण लागतच नाहीं. नांव आलें तें मुंबादेवीवरून. कानावर विसंबून नातें जोडूं नये. आणि, आम्हांस आतां वाटतें, कानावर विसंबून नातें तोडूंहि नये.

वेल्सच्या लोकांची कथा यांत विशेष हृदयस्पर्शी आहे. ते ब्रिटनमधील जुने रहिवासी. अँग्ल व सॅक्सन लोक समुद्रापलीकडून मागाहून आले, आणि जे आधींपासून तेथें होते त्यांनाच त्यांनीं ‘परके’ म्हटलें! जुन्या इंग्रजींत या शब्दास ‘गुलाम’ असाहि अर्थ आला. आतां हे लोक स्वतःस काय म्हणवितात तें ऐका. ते स्वतःस ‘कम्री’ म्हणवितात. या शब्दाचें मूळ रूप ‘कोम्ब्रोगी’. त्याचा अर्थ ‘एका भूमीचे सोबती’, आपल्या भाषेंत देशबांधव. एकच लोक, एकच डोंगराळ मुलूख. शेजाऱ्याच्या तोंडीं ते परके, आणि आपल्या घरीं ते एकमेकांचे बांधव. दोन्ही नांवें खरींखुरीं कोशांत आहेत. बोलणाऱ्यानें कोणतें उचलावें, हा प्रश्न व्याकरणाचा नव्हे.

वोल्काय लोकांतील ‘टेक्टोसागेस’ हें नांव आणखी एका ठिकाणीं भेटतें, आणि तें ठिकाण प्रत्येक कॅथलिक माणसाच्या ओळखीचें आहे. ख्रिस्तपूर्व २७८च्या सुमारास बिथिनियाचा राजा निकोमिडीस यानें केल्टिक टोळ्यांस आशिया मायनरमध्यें आपल्या मदतीस बोलाविलें. तीन टोळ्या आल्या व तेथेंच वसल्या. त्यांपैकीं एक टेक्टोसागेस. आज तुर्कस्तानची राजधानी असलेलें अंकारा हें त्यांचें मुख्य ठिकाण होय. ग्रीक लोकांनीं या सर्वांस ‘गलाताय’ म्हटलें आणि मुलखास ‘गलाशिया’. होय, ज्यांना संत पौलानें पत्र लिहिलें ते गलतीकर! पत्र उत्तरेकडील या केल्टिक वस्तीस लिहिलें कीं त्याच नांवाच्या रोमन प्रांतांतील दक्षिणेकडच्या गांवांस, यावर विद्वानांचा वाद आहे. पण नांव केल्टिक लोकांचेंच. चौथ्या शतकांत संत जेरोम यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, गलतीकरांची घरची बोली जवळजवळ जर्मनींतील ट्रियर शहराच्या लोकांसारखी आहे. सहाशें वर्षें परमुलखांत राहूनहि त्यांनीं आपली बोली जपली होती. त्यांना मूळचे म्हणावें कीं बाहेरचे?

आणि त्या पत्राचा विषय तरी कोणता? मंडळींत जे नव्यानें आले त्यांनीं जुन्यांच्या सर्व चालीरीति उचलल्याविना त्यांना पुरतें आपलें मानावें कीं मानूं नये, हाच तो वाद. संत पौल नेहमीं थोडी तरी स्तुति करून पत्रास आरंभ करतात. या पत्रांत स्तुतीस जागाच नाहीं, इतका त्यांना या भेदाचा संताप आला होता. ख्रिस्तामध्यें ज्यू आणि ग्रीक ही फूट राहिली नाहीं, असें ते निक्षून बजावतात. आम्ही हा उतारा वेदीवरून अनेक वेळां वाचला आहे, त्यावर प्रवचनेंहि केलीं आहेत. आणि तरीहि कागदावर दोन रकाने आंखले. असो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. युरोपांत ‘वाल्ह’चें जें झालें तेंच आपल्याकडे ‘यवन’ शब्दाचें झालें आहे. आयोनिया हा ग्रीक लोकांचा एक प्रदेश. इराणी लोकांनीं तेथल्यांस ‘यौन’ म्हटलें, संस्कृतांत ‘यवन’ झालें. जुन्या करारांतहि याफेथाच्या एका मुलाचें नांव यावान असेंच आहे. एका प्रदेशाच्या नांवावरून सर्व ग्रीक यवन झाले. मग पश्चिमेकडून येणारा कोणीहि. आणि मराठी बखरींच्या काळापर्यंत तो शब्द मुसलमान राज्यकर्त्यांस लागूं लागला. परंतु लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या लेण्यांत जाऊन पाहा. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेल्या त्या चैत्यगृहांत खांबांवर दात्यांचीं नांवें आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गांवच्या यवनांचीं नांवें आहेत: सिंहध्वज, धर्म. नांवें इकडचीं, बिरुद परक्याचें. तें छत ज्या खांबांच्या ओळींत उभें आहे, त्यांतले कित्येक या परक्यांनीं दिलेले आहेत. ज्यानें खांब दिला तो बाहेरचा, असें त्या मंडपांत उभें राहून कोण म्हणूं शकेल?

दुसरा शब्द ‘फिरंगी’. फ्रँक नांवाची एक जर्मानिक जमात. तिच्यावरून फ्रान्स देशाचें नांव पडलें. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मयुद्धें सुरू झालीं, तेव्हां पश्चिमेकडून आलेल्या सर्वच ख्रिस्ती लोकांस अरब ‘फ्रंज’ म्हणूं लागले; इराणी लोकांनीं ‘फरंग’ केलें. १४९८ सालीं पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यास लागले, आणि तो शब्द त्यांना चिकटला. मराठींत त्यांची लांब सरळ तरवार ‘फिरंग’ झाली, उत्तर कोंकणांतील त्यांचा मुलूख ‘फिरंगाण’ झाला. आणि मग त्या मुलखांतील आपले वाडवडील, ज्यांच्या अंगांत फ्रँकांचें तर राहोच, बहुधा पोर्तुगीजांचेंहि रक्त नव्हतें, ज्यांची भाषा मराठी, ज्यांचे धंदे भातशेतीचे आणि मासेमारीचे, तेहि लोकांच्या तोंडीं कधीं फिरंगी तर कधीं पोर्तुगीज झाले. येथून जवळच दादरला फ्रान्सिस्कन मठवासीयांनीं १५९६ सालीं स्थापिलेलें अवर लेडी ऑफ साल्व्हेशन हें देऊळ आहे. पोर्तुगीजांनीं मुंबई इंग्रजांच्या हवालीं केली ती १६६५ सालीं. आजचें देऊळहि चार्ल्स कोरिया या आपल्याच स्थापत्यविशारदानें विसाव्या शतकांत बांधलें. तरी बसचा कंडक्टर आजहि ‘पोर्तुगीज चर्च’ अशीच हांक देतो.

हा शिक्का आपल्या वडिलांस रुचला नाहीं. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाची सुवर्णज्युबिली होती. त्या वेळीं मुंबई, साष्टी व वसई या भागांतील जुन्या कॅथलिकांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें व त्या नांवाची असोसिएशन स्थापिली. गोव्याहून व मंगळूरहून नोकरीसाठीं येणाऱ्या धर्मबांधवांहून आपण वेगळे दिसावें, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे जुने रहिवासी म्हणून आपली ओळख पटावी, हा त्यांतील हेतु होता. पोटापाण्याची चढाओढ होती. त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण शब्दाची गंमत पाहा. ‘मूळचे’ असें सांगण्यासाठीं त्यांनीं जें नांव घेतलें, तेंच मुळीं बाहेरच्यांनीं दिलेलें आहे.

तें कसें, तें सांगतों. आपली सिंधु नदी. इराणी भाषेंत आपल्या ‘स’चा ‘ह’ होतो: आपले ‘सप्त’ ते त्यांचे ‘हफ्त’, म्हणून तर सात दिवसांचा ‘हप्ता’ आपण त्यांच्याकडून घेतला आणि आजतागायत भरतों आहों! त्याच नियमानें ‘सिंधु’चें ‘हिंदु’ झालें. दारयवहु राजाच्या शिलालेखांत पंचवीसशें वर्षांपूर्वीं तें नांव आलेलें आहे. ग्रीकांनीं पुढें ‘ह’ गाळून ‘इंदोस’ केलें, लॅटिनमध्यें ‘इंडिया’ झालें, आणि त्यापासून ‘इंडियन’. जर्मानिक लोकांनीं ‘वोल्क’चें ‘वाल्ह’ केलें, इराण्यांनीं ‘सिंधु’चें ‘हिंदु’ केलें. दोन्हीकडे शेजाऱ्याचा उच्चार, शेजाऱ्याचें नांव. ज्या चौकावरून आपण रोज जातों त्यास तेथील चित्रपटगृहामुळें ‘हिंदमाता’ म्हणूं लागले. म्हणजे ‘ईस्ट इंडियन’ आणि ‘हिंदमाता’ हे दोन्ही शब्द एकाच नदीचे, परक्या मुखांतून परतून आलेले. फरक एवढाच कीं, एका शब्दापुढें आपण ‘ईस्ट’ जोडलें आणि दुसऱ्यापुढें ‘माता’. शेजाऱ्यानें नांव दिलें तेव्हां त्यांत आई नव्हती. ती ज्यांनीं मानली त्यांनीं घातली.

याच्या उलटहि घडतें, आणि तें या मुंबईंत आपल्या डोळ्यांदेखत घडलें आहे. ‘भय्या’ म्हणजे भाऊ. उत्तरेकडील माणूस ज्यास प्रेमानें हांक मारी तो शब्द आपण उचलला, आणि त्याचा अर्थ परका असा करून ठेविला. घाटावरून पोट भरावयास आलेला तो ‘घाटी’. या एका शब्दानें परळ-लालबागच्या चाळींत किती मनें दुखावलीं, हें येथें बसलेल्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. आम्ही पुढें जाऊन म्हणतों: देवळाच्या आवारांतहि हे शब्द आमच्या कानीं आले आहेत, आणि आम्ही ऐकून न ऐकल्यासारखें केलें आहे.

आषाढांत हिंदमातेला पाणी भरतें, हें सबंध मुंबईस माहीत आहे. गुडघाभर पाण्यांत उभें राहून गटाराच्या उघड्या झाकणाशीं काठी रोवणाऱ्या मुलास आपण विचारतों काय, बाबा, तूं मूळचा कीं बाहेरचा? तो दोन्ही हात करून आपणांस वाट दाखवितो आणि आपण मुकाट्यानें त्या वाटेनें जातों. त्या घटकेस आपण सगळे ‘कोम्ब्रोगी’ असतों. एका भूमीचे सोबती. पाणी ओसरलें कीं रकाने पुन्हा वर येतात.

त्या बाईंच्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आम्ही येथवर आलों. ‘किती वर्षें राहिल्यावर माणूस मूळचा होतो?’ शब्दांच्या इतिहासानें आम्हांस एवढें शिकविलें कीं, वर्षांचा हिशेब येथें लागूच पडत नाहीं. वेल्सचे लोक आधींपासून होते, तरी परके ठरले. कार्ल्याचे यवन दुरून आले, आणि त्यांचे खांब अजून छत धरून उभे आहेत. ‘मूळचा’ आणि ‘परका’ हीं नांवें माणसाच्या अंगावर उगवत नाहींत. तीं शेजाऱ्याच्या तोंडीं तयार होतात. म्हणून प्रश्न त्या बाईंचा नव्हताच. प्रश्न आमचा होता, कारण रकाने आम्हीं आंखले होते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांच्या खोलीवर गेलों. त्या वेदीचा सुती आच्छादनपट इस्त्री करीत होत्या. आम्हीं त्यांना सांगितलें, “बाई, तुमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं. चूक मात्र आमची आहे.” त्या म्हणाल्या, “बसा फादर, च्या ठेवते.” यापलीकडे त्या विषयावर आमचें बोलणें झालें नाहीं.

बंधुभगिनींनो, या स्मरणिकेच्या शेवटीं आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांची यादी आपणांस दिसेल. ती एकच आहे, आणि आडनांवांच्या आद्याक्षरांच्या क्रमानें लाविलेली आहे. त्यांत ईस्ट इंडियन आहेत, गोंयकार आहेत, मंगळूरकर आहेत, वसईकर आहेत, नगरकडचे आहेत, तमिळ व मल्याळी आहेत. कोण कोणता, हें लिहिलेलें नाहीं. यादी तपासतांना कोणाचें नांव राहिलें असेल तर अवश्य कळवावें. मात्र ‘आमचें नांव यांच्या शेजारीं कां छापलें,’ अशी तक्रार घेऊन कोणी येऊं नये. तीं नांवें एकमेकांच्या शेजारीं आहेत, याचें कारण तीं माणसें एकमेकांच्या शेजारीं आहेत.

प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस एकमेकांचीं नांवें प्रेमानें उच्चारण्याची कृपा देवो, आणि आपली माता पवित्र मरिया, जिनें मिसर देशांत परकी म्हणून दिवस काढले, ती या चौकावर आणि या घरावर आपली छाया ठेवो.